पूजेतला पाना

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार. घटस्थापना
मीटर ८४,३१२

गाडी आली. सौदा पितृपक्षातच ठरला होता, पण आत्याबाई म्हणाल्या, पंधरवडा संपेपर्यंत दारात आणायची नाय. म्हणून आठ दिवस पिकअप जुन्या मालकाच्या अंगणात उभी, आणि गोरक्ष रोज संध्याकाळी तिला बघून यायचा. लग्नाआधी मला बघायला एकदाच आला होता.

ही वही त्याच्याच सांगण्यावरून. रंगाच्या कंपनीनं दिलेली डायरी, जानेवारीपासून कोरी पडली होती. म्हणाला, "गाडीचं सगळं लिहून ठेवत जा. ऑइल कधी बदललं, टायर कधी टाकले, किती मीटरला काय केलं. माझं अक्षर मलाच लागत नाय. तुझं तर पोटच अक्षरावर." खरंच आहे. अकरा वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या आणि अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्यांवर नावं रंगवली. नांदूर नाक्यावरचं 'योगिनी आर्ट्स' म्हणजे मी. नंबरप्लेट, रेडियम, दुकानांच्या पाट्या. आता पहिल्यांदाच घरची गाडी रंगवायला मिळणार.

समोर मी त्याला 'अहो' म्हणते, सासूबाईंना आत्याबाई. वहीत मात्र सरळ गोरक्ष लिहिणार. कोण बघतंय?

२५ सप्टेंबर, गुरुवार
मीटर ८४,४१०

पुढचे दोन टायर नवे टाकले. आडगाव नाक्यावर, शामसुंदरकाकांकडे.

काकांनी सातपूरच्या एका कंपनीत तीस वर्षं नट आवळले. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून टायरचं दुकान काढलं आणि पुन्हा नट आवळायला लागले. दुकानाची पाटी माझ्याच हातची. निळ्यावर पांढरं 'शामसुंदर टायर्स', आणि खाली त्यांच्या हट्टानं 'नट तपासून मिळतील, पैसे नाहीत.' मी म्हटलं होतं, काका, नुसतं 'मोफत' लिहू या, तीन अक्षरांत काम होईल. तर म्हणे, मोफत वाचलं की लोकांना ते कामच वाटत नाही.

त्यांच्याकडे एक लांब पाना आहे. नट ठरलेल्या जोरापर्यंत आवळला की त्यातून 'कट्ट' आवाज येतो. तो आवाज सहाही नटांचा येईपर्यंत गिऱ्हाइकाची सुटका नाही. शिवाय समोरासमोरचे नट जोडीनं आवळायचे, ओळीनं नाही, नाहीतर चाक तिरकं बसतं, हे भाषण. आज मला पाठ झालं.

"गोरक्ष, चाक कोणत्याही कारणानं काढून बसवलं, तर पन्नास ते शंभर किलोमीटरच्या आत नट परत तपासायचे. आवळलेला नट आणि बसलेला नट यांत फरक आहे."

"येतो ना काका."

"येतो म्हणणारे येत नाहीत."

मला हसू आवरेना. रस्त्यानं घरी येताना मी त्याला दहा वेळा 'कट्ट' करून दाखवलं.

२७ सप्टेंबर, शनिवार
मीटर ८४,४७९

गोरक्ष काकांकडे जाऊन आला. एकही नट तसूभर फिरला नव्हता. मी म्हटलं, "बघा, उगाच पेट्रोल जाळलंत."

"डिझेल," तो म्हणाला.

२८ सप्टेंबर, रविवार

मागच्या फाळक्यावर काय लिहायचं यावरून भांडण. त्याला 'आईची पुण्याई' हवं. मी म्हटलं, हे मी तीनशे गाड्यांवर लिहिलंय, तीनशे आयांची पुण्याई माझ्या मनगटात आलीय, दुसरं काहीतरी सांगा. बराच वेळ विचार करून म्हणाला, "मग योगिनी लिही."

"बायकोचं नाव कोण लिहितं? लोक हसतील."

"हसू दे. सायखेड्यापासून नाशिकपर्यंत हसू दे."

आत्याबाई आतून म्हणाल्या, "लिही गं. मला काय करायचंय गाडीवर बसून."

लिहिलं. लाल अक्षर, पांढरी कड. 'गि'ची वेलांटी 'नी'पर्यंत ओढून घेतली. अकरा वर्षांत इतकं चांगलं अक्षर काढलं नव्हतं.

३० सप्टेंबर, मंगळवार. अष्टमी
मीटर ८४,६५५

आज गाडी दिवसभर माझी. उद्या-परवा झेंडूच्या खेपा सुरू होतील, मग हाताला लागायची नाही. सकाळी सातलाच गोरक्षनं ठोकळे लावून चारही चाकं काढून दिली.

चाकाच्या लोखंडी डिस्क बाहेरून पिवळ्या करून देणारे नाक्यावर पुष्कळ आहेत. बाहेरून पिवळी आणि मागून गंजकी. मी तसं करत नाही. मागची बाजूसुद्धा घासली, गाडीला टेकते ती, आणि प्रायमर मारून दोन हात दिले. गाडीकडच्या ज्या गोलावर चाक बसतं, तोही रंगवला. नट ज्या खळग्यांत बसतात ते सहा-सहा खळगे बारीक ब्रशनं, दोन-दोन हात. एकही जागा सोडली नाही. नट लाल. रंग लवकर वाळणारा घेतला होता आणि ऊनही कडक होतं.

गोरक्ष डोक्याला हात लावून बसला होता. "आतलं कोण पाहणारे हे?"

"मी. माझं नाव आहे गाडीवर."

संध्याकाळी त्यानं चाकं चढवली. पान्यावर उभा राहून जोर द्यायला लागला, तर लाल रंगाचे टवके उडाले. मी ओरडलेच. मग बिचाऱ्यानं पान्याच्या तोंडात फडकं घातलं आणि हातानंच आवळले. म्हणाला, "राहू दे, उद्या काकांकडून कट्ट करून आणतो."

शेजारपाजारचे बघायला आले. पिवळीधमक चाकं आणि त्यांत लाल नट. गोरक्षनं चार बाजूंनी फोटो काढले. आज मी फार खुशीत आहे, तेही लिहून ठेवते. गाडीचंच आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
मीटर ८४,७४३

दुपारी चार. गोरक्ष आत्ताच निघाला, म्हणून लिहायला वेळ.

सकाळपासून सायखेड्याच्या दोन खेपा झाल्या. गाडीत, अंगणात, त्याच्या शर्टात सगळीकडे झेंडूचा वास. मी पाटावर पूजा मांडली. माझे ब्रश, पट्टी, रेडियमचं कटर, आत्याबाईंचा विळा आणि गाडीतला व्हील पाना. सगळ्यांना हळदकुंकू, वर झेंडू. पाना मी घासून चांदीसारखा केला होता, तोंडातलं कालचं फडकं तेवढं काढलं नाही.

दुपारी तो काकांकडे जाऊन आला. दुकानाला कुलूप. जाळीतून दिसलं म्हणे, टेबलावर सगळे पाने ओळीनं मांडून हार घातलेला. काका लेकीकडे जेवायला गेलेले. मग घरचाच पाना घ्यायला आला. मी पाटावर हात आडवा धरला.

"आज हत्यार उचलायचं नाही. उद्या सोनं वाटून झालं की घ्या."

"आगं, दोन मिनिटाचं काम हे."

"वर्षातून एक दिवस त्यालाही आराम असू दे की."

हसला. पान्याला बोटं लावून कपाळाला लावली. "बरं बाई. तुझा पाना, तुझी गाडी." मग बाहेर जाऊन नटांवर हात फिरवला, बोटं बघितली आणि म्हणाला, "पक्का बसलाय." रंगाबद्दल म्हणत होता.

आता सायखेड्याला माल भरून नांदगावला. तिथल्या फुलवाल्या बायडाबाईंना उद्याच्या दसऱ्यासाठी झेंडू पोचवायचाय. त्यांना शब्द दिलाय. रात्री उशिरा येईल. उद्या श्रीखंड, चक्का टांगून ठेवलाय.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

गोरक्ष गेला.

दोन शब्द लिहायला पंधरा दिवस लागले. माझं अक्षर बघवत नाही.

मनमाडच्या अलीकडे पुढचं डावं चाक निखळलं. गाडी कलंडून खड्ड्यात गेली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. रस्ताभर झेंडू पसरला होता असं गावचे लोक सांगतात. ते मला का सांगतात कळत नाही.

पंचनाम्यात मीटर ८४,८०६. मी विचारून घेतलं. हवालदार माझ्याकडे बघतच राहिला. त्याला काय सांगणार, वही लिहायला सांगून गेलाय म्हणून.

शेवटचा फोन सहा वाजून चाळीस मिनिटांनी. काय बोललो ते आज लिहिणार नाही.

चक्का तसाच टांगलेला राहिला होता. चौथ्या दिवशी आत्याबाईंनी फडक्यासकट नेऊन टाकला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

रात्रभर एकच गोष्ट डोक्यात. कुलूप. वर्षभर ज्या माणसानं नट, नट, नट करून लोकांचे कान किटवले, त्याच्याकडे माझा नवरा सांगितल्यासारखा वेळेत गेला, आणि दाराला कुलूप. आत पाने हार घालून बसलेले! दोन मिनिटांचं काम होतं. पूजा महत्त्वाची की माणूस?

सकाळी गेले आणि हे सगळं तोंडावर बोलले. काका टायरवर बसले होते. अंत्यविधीला आले होते, दहाव्याला आले होते, तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं.

"काल मनमाडला जाऊन आलो," ते म्हणाले. "पोलीस ठाण्याच्या आवारात गाडी आहे. बघून आलो."

"मग? काय दिसलं?"

ते हातातल्या फडक्याची घडी घालत राहिले. उलगडली, पुन्हा घातली.

"चूक माझी आहे, योगिनी. मी दुकान उघडं ठेवायला हवं होतं."

मला वाटलं होतं ते वाद घालतील. त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं, मला आणखी बोलता आलं असतं. मी निघाले तेव्हा मागून म्हणाले, "गाडी बघायला तू जाऊ नकोस. भंगारात परस्पर देऊन टाकू. मी बघतो सगळं."

का जाऊ नको? काहीतरी लपवायचं असणार. त्यांनी टायर बसवताना काहीतरी चुकवलंय आणि ते मला दिसू नये म्हणून ही धडपड. माणूस असा निघेल असं वाटलं नव्हतं.

२० ऑक्टोबर, सोमवार

सगळीकडे दिवाळी. आमच्याकडे यंदा नाही.

सकाळी पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणि चार इंची ब्रश घेऊन आडगाव नाक्यावर गेले. शिडी लावली आणि काकांची पाटी पुसायला घेतली. माझ्या हातची पाटी, मीच पुसणार. 'शामसुंदर'चा 'शा' गेला, 'म' गेला. शिडी हलत होती. मग एकदम हलायची थांबली. खाली बघितलं तर काकांनी दोन्ही हातांनी धरली होती.

"सावकाश," म्हणाले.

नाक्यावरचे लोक जमले. टेम्पोवाला यादव ओरडला, "ताई, काय करताय हे! काका, तुम्ही तरी अडवा."

"करू दे तिला."

'नट तपासून मिळतील, पैसे नाहीत' सगळ्यात शेवटी पुसलं. खाली उतरले तेव्हा त्यांच्या खांद्यावर, केसांवर पांढरे थेंब पडलेले होते. ते पुसायला त्यांना थिनर तरी द्यावा असं एकदा मनात आलं. दिला नाही.

वाटलं होतं बरं वाटेल. नाही वाटलं.

घरी आत्याबाईंनी विचारलं, "कुठं गेली व्हतीस?" सांगितलं. त्या देव्हाऱ्यासमोरच्या पाटाकडे बघत बसल्या. नवमीची पूजा अजून तशीच मांडलेली आहे. सुतकात कोण उतरवणार, आणि नंतर हात लावायचं कोणाच्या मनात येईना. मी ब्रशसुद्धा नवे आणलेत, पाटावरचे घेतले नाहीत. झेंडू वाळून काळे पडले आहेत.

"आत्याबाई, उतरवायची का पूजा?"

"राहू दे," म्हणाल्या. "तुला वाटंल तव्हा उतरव."

६ नोव्हेंबर, गुरुवार

दुकान उघडलं. घरात बसून दोन बायकांनी एकमेकींकडे किती बघायचं?

पहिलं काम यादवचं. टेम्पोच्या चार डिस्क, पिवळ्या करायच्या. काम ते काम. मागची बाजू आणि नटांचे खळगे त्यानं आधीच कागद चिकटवून झाकून आणले होते.

"हे काय?"

"तेवढं सोडून रंगवा ताई. मला तसंच आवडतं."

अर्धवट कामाची आवड असलेला माणूस पहिल्यांदा बघितला. मी म्हटलं, तुझी गाडी, तुझी हौस.

१० नोव्हेंबर, सोमवार

आणखी एकाच्या डिस्क. पुन्हा तेच. खळग्यांवर कागदाचे गोल चिकटवलेले, कात्रीनं इतके स्वच्छ कापलेले की मलाही जमणार नाहीत. हाही म्हणतो, तसंच आवडतं. नाशिकच्या ड्रायव्हर लोकांना अचानक एकच आवड कशी लागली?

गोरक्ष असता तर म्हणाला असता, फॅशन आलीय. हसले आणि मग दुकानाचं शटर अर्धं ओढून रडत बसले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज देवळ्याहून एक अनोळखी माणूस आला, कांद्याच्या पिकअपच्या डिस्क घेऊन. पुन्हा तेच गोल. यावेळी मी एक गोल नखानं उचलून उलटा केला. मागे तारखा होत्या. टायर कंपनीच्या कॅलेंडरचा कागद. हे कॅलेंडर मी बघितलंय. काकांच्या टेबलामागे टांगलेलं असतं.

"हे कोणी चिकटवून दिलं?"

माणूस साधा होता. "ते आडगाव नाक्यावरचे म्हातारे टायरवाले. बिनपाटीचं दुकान हे बघा त्यांचं. म्हणले, नटाखाली रंग गेला का तो दाबून चुरा व्हतो, मंग नट सैल पडतो, चाकच निघून जातं. पन्नास किलोमीटरला परत आवळून घ्या म्हणले. अन रंग मात्र नांदूर नाक्यावरच्या ताईंकडंच द्या, त्यांच्यासारखा हात कोनाचा नाय. फक्त ह्ये कागदाचं कारण त्यांना सांगू नका, तसंच आवडतं म्हणा..."

तो थांबला. माझ्याकडे बघितलं.

"सांगून बसलो का मी?"

मी म्हटलं, "नाही. उद्या संध्याकाळी घेऊन जा."

घरी आले आणि वही मागे उलटली. ३० सप्टेंबर. 'एकही जागा सोडली नाही.' काय सुंदर अक्षर आहे. पुढचं पान, १ ऑक्टोबर. मी पाटावर हात आडवा धरला. माझ्याच अक्षरात. हे सगळं मी लिहून ठेवलेलं होतं, आणि महिनाभर दुसऱ्याच्या दाराला कुलूप दिसत होतं.

मनमाडला गाडी बघताना काकांना काय दिसलं असेल ते आता मला दिसतं. चाकामागे पिवळा रंग. खळग्यांत चुरा झालेला पिवळा रंग. माझे दोन-दोन हात. तो मला दिसू नये म्हणून गाडी बघायला जाऊ नको म्हणाले.

मीटर पण इथेच आहे. नट बसवले तेव्हा ८४,६५५. त्यानं पाना मागितला तेव्हा ८४,७४३. अठ्ठ्याऐंशी किलोमीटर. काका म्हणतात पन्नास ते शंभर. तो अगदी वेळेत आला होता माझ्याकडे.

आता फोन लिहिते.

"आगं, पुढून डुगडुग व्हतंय. चाक असंन."

"मग थांबवा ना."

"थांबवलीय. मागं दोन दुकानं लागली, दोन्हीकडं हत्यारं पूजेला. अन आपला पाना तर तुझ्या पाटावर बसलाय." आणि हसला. रागावला असता तर? रागावला नाही, हसला.

"मनमाड किती राहिलं?"

"नऊ किलोमीटर."

"मग हळूहळू जा. तिथे कोणीतरी मिळेलच."

हे मी म्हटलं. हळूहळू जा. तो हळूहळूच गेला असणार. माझं ऐकायचा तो. माझं ऐकायचा, हेच तर झालं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आत्याबाईंना सगळं सांगितलं. रंगाचं सांगितलं, पान्याचं सांगितलं, फोनचं सांगितलं. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर मी हलले नसते.

त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "रंगाचं मला ठावं नव्हतं. पान्याचं ठावं व्हतं. मी तिथंच बसलेली व्हते ना वाती वळत. मी म्हातारी, घरातली मोठी. घेऊन जा रं लेकरा, देव काय रागवत नाय, येवढं बोलाया मला काय झालं व्हतं? मीबी नाय बोलले."

मग माझं डोकं मांडीवर घेतलं. दोघी रडलो. लग्न झाल्यापासून त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं नव्हतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी निळ्या रंगाचा डबा, पांढरा डबा आणि शिडी घेऊन आडगाव नाक्यावर गेले. काका एका ट्रॅक्टरच्या चाकाशी बसले होते. मला बघून उठले. शिडीकडे बघितलं, डब्यांकडे बघितलं.

"तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्या कॅलेंडरनं."

ते खाली बसले. "मूर्ख आहे मी. कोरा कागद घ्यायला हवा होता."

"काका, मला का बोलू दिलंत? चारचौघांत तुमचं नाव पुसू दिलंत."

"अगं, माझं नाव काय, रंगच. पुन्हा येतो. तुझा नवरा गेला होता. त्यावर आणखी हे तुला कशाला द्यायचं? आणि मी अगदी खोटं नव्हतो बोललो. कुलूप होतंच. मी लेकीकडे पुरणपोळी खात होतो."

मला एक विचारायचं होतं. वाटेत दहा वेळा ठरवलं होतं की विचारायचं नाही.

"त्या दुपारी त्यांनी पाना घेतला असता, दोन मिनिटं आवळलं असतं, तर?"

काका नटांच्या बाबतीत खोटं बोलू शकत नाहीत. मला ते ठाऊक होतं. म्हणूनच त्यांना विचारलं, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून विचारल्याचा पश्चात्ताप झाला.

"घरी आला असता," ते म्हणाले.

ट्रॅक्टरवाला लांब जाऊन उभा राहिला.

मग मी शिडी लावली. आधी निळा हात दिला. तो वाळेपर्यंत त्यांनी चहा मागवला, तो मी घेतला. मग अक्षरं. 'शामसुंदर टायर्स.' खाली 'नट तपासून मिळतील, पैसे नाहीत.' काकांनी शिडी धरली होती, तशीच, दोन्ही हातांनी. त्याच्याखाली एक ओळ मी न विचारता घातली. 'खंडेनवमीला दुकान उघडे राहील.'

उतरले. त्यांनी चष्मा पुसून ती ओळ वाचली आणि मान हलवली.

घरी आले. आत्याबाईंनी समई लावली. आम्ही दोघींनी पूजा उतरवली. वाळलेला झेंडू बोटांत चुरा झाला. ब्रश घेतले, पट्टी घेतली, कटर घेतलं, आत्याबाईंनी त्यांचा विळा घेतला. पाना शेवटी राहिला. हळदकुंकू त्यावर वाळून घट्ट बसलं होतं आणि त्याच्या तोंडात अजून ते फडकं होतं, लाल रंग लागलेलं.

"उचल," आत्याबाई म्हणाल्या.

मीटर ८४,८०६. पाना उचलला.